बावीस फळ्या

४ जून

ताई, सलाम.

तुमचा दोन ओळींचा निरोप दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी पोचला. तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. नंतर माणसं गेली आणि उत्तर काही सुचलं नाही. आज सहा आठवडे झाले. तुम्ही आला नाहीत याबद्दल मी काही लिहीत नाही. प्रवास लांबचा आहे, आणि चौदा वर्षांचं न बोलणं त्याहून लांबचं.

खरं तर तुमच्या धाकट्या बहिणीच्या, आपल्या धाकटीच्या, वस्तूंबद्दल लिहायला बसलो. तुमच्या आईची शिवणाची पेटी तिच्याकडे होती. हवी असेल तर कळवा, नीट बांधून पाठवीन. बाकी तिची पुस्तकं, चष्मा आणि शाळेत घालायच्या दोन स्वेटरांपलीकडे काही नाही.

शवपेटी मी स्वतः केली. दोन दिवस लागले. शेजारी म्हणाले, मास्तर, आता तरी जरा बसा. पण बसून करणार काय? खिळा एकही वापरला नाही, चारही कोपरे खाचा पाडून बसवले. ठोकाठोकीचा आवाज तिला आवडत नसे. आयुष्यभर बहिऱ्या मुलांच्या शाळेत शिकवूनही तिचे स्वतःचे कान फार तिखट होते, हे तुम्हाला माहीतच आहे.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्मशानभूमीत तिचे साठेक जुने विद्यार्थी आले होते. कोण शिंपी, कोण छापखान्यात, एकीच्या कडेवर मूल. पाळकसाहेबांनी प्रभूची प्रार्थना म्हटली, 'आमेन' म्हणून पुस्तक मिटलं, आणि बघतात तो ही सगळी अजून अर्ध्यावरच. हातांना तोंडापेक्षा वेळ लागतो. पाळकसाहेब थांबले. ऐकू येणारी मंडळी एकमेकांकडे बघू लागली, निघायचं की थांबायचं. एवढी माणसं, आणि बाह्यांच्या सळसळीशिवाय आवाज नाही.

ताई, मी छाती फुगवणारा माणूस नाही. त्या दिवशी फुगली.

शाळेत सगळं ठीक आहे.

मास्तर

१५ जून

ताई, सलाम.

'शाळेत सगळं ठीक आहे' असं मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. पत्र पेटीत टाकल्यापासून ते वाक्य मला टोचत आहे.

मार्चमध्ये नवे मुख्याध्यापक आले. सगळे त्यांना साहेब म्हणतात. माणूस कामसू आहे, सकाळी सर्वांच्या आधी येतो. एका देणगीदाराने मुलांसाठी कानात घालायची यंत्रं दिली आहेत, आणि साहेबांचं म्हणणं असं की आता मुलांनी बोललंच पाहिजे, आणि हातांची सवय मोडल्याशिवाय ती बोलणार नाहीत. त्यांना दप्तरात तुमचा जुना अहवाल सापडला. मंडळाच्या सभेपुढे तो ठेवणार आहेत. सभा नऊ जुलैला आहे. 'अनुभवी मुख्याध्यापिकेने हे केव्हाच लिहून ठेवलंय,' असं ते शिक्षकांच्या खोलीत दोनदा म्हणाले. तुमची सही मी लांबूनही ओळखली.

मागच्या मंगळवारी त्यांनी मला बोलावलं.

"मास्तर, स्टोअरमध्ये बावीस फळ्या आहेत ना?"

"आहेत."

"कशा चालतात त्या?"

मी एक आणून दाखवली. बाकाच्या पुढच्या कडेला बसणारी हातभर लांबीची फळी. मनगटं जातील अशी दोन भोकं, वरचा अर्धा भाग बिजागरीवर उघडणारा. उच्चाराच्या तासाला मुलाने हात ठेवायचे, झाकण मिटायचं. हात अडकले की मूल बाईंच्या ओठांकडे बघतं.

साहेबांनी झाकण दोनदा उघडलं आणि मिटलं. "मजबूत आहे. पहिलीच्या बाकांना बसवून टाका. सभेआधी मंडळाचे लोक बघून जातील."

मी "बघतो" म्हणालो.

तुम्ही मला ओळखता. 'बघतो' म्हणजे माझ्या तोंडी 'हो' असतं. बाहेर आमचे हेडक्लार्क उभेच होते. ते मला मौनीबाबा म्हणतात, तुमच्या वेळेपासून. म्हणाले, "मौनीबाबा, पाण्यात राहून माशाशी वैर नको. दोन वर्षं उरलीत तुमची. स्क्रू पिळा आणि मोकळे व्हा."

"तिला काय वाटलं असतं?"

"त्या वर सुखात आहेत हो. तुम्ही खाली आमच्यात आहात."

शनिवारपर्यंत चार फळ्या बसवल्या. हेही लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा टोचायला नको. रोज संध्याकाळी घरी प्रार्थनेला बसतो आणि काही मागता येत नाही. काय मागू? चार बसवल्या, उरलेल्या अठरांसाठी बळ दे, असं?

मास्तर

२८ जून

ताई, सलाम.

तुमचं उत्तर आलं नाही. तरी लिहितो. दुसऱ्या कुणाला हे लिहिता येण्यासारखं नाही, कारण चौदा वर्षांपूर्वीच्या त्या भांडणाची अर्धी बाजू फक्त तुम्ही पाहिली आहे आणि अर्धी फक्त मी.

तुमची बाजू मी ऐकलेली आहे. सकाळच्या प्रार्थनेला तुम्ही व्यासपीठावरून 'हात जोडा, डोळे मिटा' अशी खूण करायचात. धाकटीच्या वर्गाने त्या सोमवारी डोळे मिटले नाहीत आणि हातही जोडले नाहीत. सतरा मुलं उघड्या डोळ्यांनी तिच्याकडे बघत हातांनी प्रार्थना करत होती. नंतर तुमच्या खोलीत ती तुम्हाला म्हणाली, "ताई, आपण पोरांना हाताची घडी, तोंडावर बोट म्हणतो ना? यांना नुसती हाताची घडी घाला, तोंडावर बोट आपोआप येतं. डोळे मिटले की यांची प्रार्थना संपली. मग देवासमोर उभं कोण राहतं? गणवेश?"

तुम्ही म्हणालात, "देवाला माकडचेष्टा लागत नाहीत."

पुढचे तीन आठवडे तिच्याशी शाळेत कुणी बोललं नाही. शिक्षकांच्या खोलीत ती शिरली की कपबश्यांचासुद्धा आवाज थांबायचा. एका वडिलांनी फाटकाशी तिला सुनावलं, "आमचं पोरगं चारचौघांत हात नाचवायला नाही पाठवलं तुमच्याकडे." तुम्ही मंडळाला कळवलंत, ती राहील किंवा मी राहीन.

आता माझी बाजू. मंडळाने तिला बोलावलं त्या दिवशी ती आधी माझ्या कार्यशाळेत आली. तिचे हात थरथरत होते. मला म्हणाली, "अहो, बघा ना, हात थरथरले की माझी पोरं म्हणतात, बाई, तुम्ही तोतरं बोलताय." आणि हसली. मग भुशाने माखलेल्या स्टुलावर बसून तिने प्रार्थना केली, त्या मुलांच्या पद्धतीने, डोळे उघडे ठेवून. मला तेव्हा खुणा येऊ लागल्या होत्या, सगळं कळलं. तिने धीर मागितला नाही. तुमच्याविरुद्धही काही मागितलं नाही. ती म्हणाली, "प्रभू, तेवढे माझे हात स्थिर ठेव. बाकीचं मी बघते."

बाकीचं मी बघते! देवाला! पण उठली तेव्हा हात खरोखर स्थिर होते. मी स्वतः पाहिले. पाव इंचाची खूण करायची असती तरी चुकली नसती.

ती आत गेली. मी दाराबाहेर उभा राहिलो. 'तुम्ही याल का आत?' असं तिने विचारलं नव्हतं, आणि मीही आपणहून म्हणालो नाही. आतमध्ये कुणीतरी विचारलं, "फळ्या क्रूर आहेत असं तुमचं म्हणणं आहे. मग त्या केल्या कुणी?" ती म्हणाली, "ते महत्त्वाचं नाही."

मी बाहेर ते ऐकलं. फळ्या मी केल्या होत्या. तुम्ही रेखाटन दिलंत, पण माप मी घेतलं, भोकं मी पाडली. सहा ते दहा वर्षांच्या मुलांची मनगटं सुताने मोजून घेतली होती. लग्नाआधीची गोष्ट. मंडळाने तिला ठेवलं, फळ्या स्टोअरमध्ये गेल्या, तुम्ही शाळा सोडलीत; त्यानंतरच्या चौदा वर्षांत तिने ते मला एकदाही ऐकवलं नाही.

मागच्या बुधवारी तिची एक जुनी विद्यार्थिनी कार्यशाळेत आली. भुवईवर जखमेची खूण असलेली, म्हणून मुलांनी तिचं खुणेचं नावच 'भुवई' ठेवलं होतं. तुम्हाला आठवेल, फार पळायची. आता बावीस वर्षांची आहे, कपड्यांच्या कारखान्यात कापड कापण्याच्या टेबलावर मुख्य आहे, हाताखाली सहा माणसं. पहिलीच्या वर्गात डोकावून, बसवलेल्या चार फळ्या बघून आली होती. रागावली नाही. एका फळीच्या भोकावर आपलं मनगट ठेवून बघितलं होतं, आता मावत नाही म्हणाली.

मग हातांनी विचारलं, "सभेत आम्ही नऊजण येतोय. मंडळाचा नियम आहे, सभेत बोलायचं तर तोंडाने बोलायचं. शाळेत खुणा येणारे, ऐकू येणारे तुम्ही एकटेच उरलात. आमचा आवाज व्हाल?"

मी खूण केली, "मला बोलता येत नाही."

ती इतकी हसली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. "हे तुम्ही कुणाला सांगताय?"

मी विचार करतो म्हणालो. रविवारी उपासनेनंतर शाळेची किल्ली घेऊन कार्यशाळेत गेलो. तिच्या त्याच स्टुलावर बसलो. सवयीने हात जोडले, मग सोडले, उघडे धरले. डोळेही उघडेच ठेवले. समोर भिंतीवर करवती, पटाश्या, रंधे. मला शब्द सुचत नव्हते, म्हणून तिचेच वापरले: माझे हात स्थिर ठेव. पुढचं 'बाकीचं मी बघते' माझ्याच्याने म्हणवलं नाही. मी म्हणालो, बाकीचंही तूच बघ, मला काही जमत नाही.

काही चमत्कार झाला नाही. थोडा वेळ बसलो, मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पहिलीच्या वर्गात गेलो आणि चारही फळ्या काढल्या. बाकाला पडलेली स्क्रूची भोकं लाकडाची खुंटी मारून बुजवली, वरून घासून गुळगुळीत केली.

सोमवारी साहेबांना जाऊन सांगितलं.

"काढल्या म्हणजे?"

"काढल्या. पुन्हा बसवणार नाही."

"मास्तर, बाईंचं दुःख ताजं आहे, मी समजू शकतो. घरी जा, चार दिवस विश्रांती घ्या."

"दुःखाने नाही काढल्या. स्क्रू-ड्रायव्हरने काढल्या."

मी उद्धटपणाने म्हणालो नव्हतो, ताई, तोंडातून तसंच निघालं. बाहेर हेडक्लार्कनी कपाळाला हात लावला. संध्याकाळी मला लेखी खुलासा मागणारं पत्र मिळालं. आज शिक्षकांच्या खोलीत शिरलो तर कपबश्या थांबल्या. तो आवाज, म्हणजे तो नसलेला आवाज, मी पहिल्यांदाच स्वतःसाठी ऐकला. तीन आठवडे ती रोज त्यात चहा पीत होती.

मास्तर

१० जुलै

ताई, सलाम.

सभा काल झाली. कुणाच्या बाजूने रंगवून न सांगता, झालं तसं लिहितो.

मंडळाचे नऊ सभासद लांब टेबलाच्या तिन्ही बाजूंना. अध्यक्ष मध्ये, त्यांच्या उजव्या हाताला आपले पाळकसाहेब, कोपऱ्यात साहेब कागद घेऊन. आमचे नऊजण भिंतीला लागून उभे, खुर्च्या पुरल्या नाहीत. मी टेबलाच्या टोकाला, भुवईच्या समोर.

अध्यक्ष म्हणाले, "आरंभी प्रार्थना करूया." टेबलाभोवती सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. पाळकसाहेब मोठ्याने प्रार्थना करू लागले. माझेही हात आपोआप जुळायला आले, आणि समोर बघतो तर अठरा डोळे माझ्याकडे. त्या खोलीत देवाशी चाललेलं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचवणारा दुसरा कोणी नव्हता.

मी हात उघडले आणि पाळकसाहेबांची प्रार्थना खुणांनी सांगू लागलो. मंडळासमोर, त्यांच्या सभेत, परवानगी न विचारता. बाही टेबलाला घासली असेल, पाळकसाहेबांनी डोळे उघडले. मला वाटलं आता थांबवतील. ते थांबले नाहीत. त्यांनी वेग कमी केला. एक वाक्य म्हणायचे, माझे हात खाली येईपर्यंत वाट बघायचे, मग पुढचं. अध्यक्षांनीही शेवटी एक डोळा उघडला, इतका वेळ का लागतोय म्हणून.

मग साहेबांनी तुमचा अहवाल वाचला. नीट वाचला, कुठे फिरवला नाही. बावीस मुलं, दोन वर्षं, सरासरी अकरा शब्द स्पष्ट. ते म्हणाले, "जगाला खुणा येत नाहीत. जग यांच्यासाठी बदलणार नाही. आपण यांना खोटी दया दाखवून मुकं ठेवतोय." ताई, त्यांच्या आवाजात मुलांची काळजी होती. हे मान्य केलंच पाहिजे. तुमच्याही असे.

भुवई पुढे आली. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, ती म्हणेल तेवढंच सांगायचं. आपलं पदरचं काही नको."

"होय."

तिने हात उचलले आणि मी बोलू लागलो. ती 'मी' म्हणाली की मलाही 'मी' म्हणायचं होतं. साठीला आलेला पुरुष, घोगरा आवाज, आणि म्हणतोय, "मी आठ वर्षांची होते." कोणीतरी फिसकन हसलं. मी पुढे बोलत राहिलो.

"मी आठ वर्षांची होते. मला तहान लागली होती. उच्चाराचा तास होता, हात फळीत होते. बाईंनी पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, म्हण, पाणी. मला 'पा' येत होता. त्यासाठी ओठांसमोर कागदाची पट्टी धरायच्या, ती हलली की बरोबर. पट्टी हलत होती. 'णी' येत नव्हतं. तास संपेपर्यंत पेला तिथेच होता."

टेबलाभोवतीचं हसू संपलं होतं.

"आता मी ते म्हणू शकते. ऐका." आणि इथे मी गप्प बसलो, कारण ती स्वतःच्या आवाजात म्हणाली, "पाणी." जाड, खोल आवाज, पण सगळ्यांना कळलं. एका सभासदाने नकळत समोरची बाटली तिच्याकडे सरकवली. ती हसली आणि परत हात उचलले.

"हे मला शाळेने शिकवलं, मी आभारी आहे. त्या पेल्याच्या दिवशी तास संपल्यावर धाकट्या बाई आल्या. त्यांनी झाकण उघडून माझे हात बाहेर काढले, आणि मी आयुष्यातला पहिला प्रश्न मोठ्या माणसाला विचारला. मी विचारलं, देव पण बहिरा आहे का? मी रोज फळीत बसून त्याला सांगते, तो ऐकत नाही. बाई म्हणाल्या, त्याला डोळे आहेत. तू हात वर कर, तो बघतो. दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही सकाळची प्रार्थना हातांनी करायला लागलो."

ताई, मला हे माहीत नव्हतं. तुमच्याशी झालेलं ते सगळं भांडण आठ वर्षांच्या मुलीच्या एका प्रश्नातून निघालं होतं, आणि तिने कधी आपला बचाव म्हणूनसुद्धा ते सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं होतं का?

यानंतर भुवईने माझ्याकडे बघत जे म्हटलं, ते मी लगेच बोललो नाही.

"काय म्हणाली?" अध्यक्षांनी विचारलं.

त्या खोलीत माझ्याशिवाय ऐकू येणाऱ्या कुणालाही खुणा येत नव्हत्या. मी ते वाक्य गाळलं असतं आणि पुढच्यावर गेलो असतो तर कुणाला कळलं नसतं. भिंतीपाशी उभ्या नऊजणांना माझे ओठ वाचून कळलंही असतं कदाचित, पण ते कुणाला सांगणार? सांगायचं तर तेही माझ्याच तोंडून.

भुवई थांबून होती. तिने घाई केली नाही. मी मनात म्हणालो, प्रभू, या वेळी हातांचं नाही, तोंडाचं बघ. एवढीच प्रार्थना. तेवढ्याला वेळ होता.

मी बोललो. "ती म्हणते, त्या फळ्या ज्याने केल्या तो माणूस इथेच उभा आहे. माझे शब्द तोच बोलतो आहे."

साहेबांनी कागदावरून मान वर केली.

"भोकांच्या कडा त्याने पॉलिश पेपरने घासल्या होत्या. इतक्या वर्षांत एकाही मुलाला लाकडाचं एक कूसही टोचलं नाही. म्हणून मला त्याचा सगळ्यात जास्त राग यायचा. कारण याचा अर्थ, आत कोणाची मनगटं येणार आहेत हे त्याला नीट माहीत होतं."

मी एकही शब्द गाळला नाही. 'नीट'सुद्धा सांगितलं.

"आता त्यानेच त्या काढल्या. त्याला पुन्हा बसवायला लावू नका. एवढंच."

ती मागे जाऊन उभी राहिली. अध्यक्ष मला म्हणाले, "मास्तर, आता तुमचं तुम्ही सांगा. मंडळाने ठराव केला तर फळ्या बसवाल की नाही?"

"नाही."

"आम्ही दुसरा सुतार आणू."

"आणा. त्याला मनगटांची मापं घ्यावी लागतील. मी घेतली होती. त्याच्याने ती घेववतील का, ते आधी विचारा."

ताई, हे मी बोललो. मौनीबाबा. मला अजून खरं वाटत नाही.

मतं पडली, पाच विरुद्ध चार. फळ्या बसवायच्या नाहीत, वर्गात हात मोकळे, उच्चाराचा तास राहील पण मुलांच्या मर्जीने. पाचवा हात पाळकसाहेबांचा होता, सगळ्यांत शेवटी वर आला. भिंतीपाशी आमच्या नऊजणांनी हात वर करून हलवले, टाळ्यांऐवजी. मलाही हलवायचे होते, पण मी खुर्ची ओढून बसलो.

लेखी खुलाशाचं पत्र मागे घेतलेलं नाही. साहेब म्हणाले, शिस्त ती शिस्त. बरोबर आहे त्यांचं. खुलासा मी लिहिला आहे, एका ओळीत: फळ्या मी केल्या होत्या, म्हणून मीच काढल्या.

बाहेर आल्यावर भुवईला विचारलं, "अजून राग आहे?"

तिने बोटांनी थोडासा दाखवला, चिमूटभर. मग चिमूट आणखी बारीक केली. शून्य नाही केली. खोटं बोलणाऱ्यांतली नाही ती, धाकटीची विद्यार्थिनी आहे.

मास्तर

३ ऑगस्ट

ताई, सलाम.

तुमचं पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर बघून दाराशीच बसलो.

तुम्ही लिहिता, अहवाल खोटा नव्हता. नव्हताच. अकरा शब्द खरे होते, तुम्ही ते शिकवण्यासाठी घसा फोडलात तेही खरं. एका मुलीला तुम्ही शिकवलेला 'पाणी' मी गेल्या महिन्यात स्वतःच्या कानांनी ऐकला. तुमच्याबद्दल वाईट लिहायला मी ही पत्रं लिहिली नाहीत. झाकण मी केलेलं, मिटलं तुम्ही. दोघांचं समसमान.

त्या मुलीच्या प्रश्नाबद्दल धाकटीने तुम्हाला सांगितलं नव्हतं, असं तुम्ही लिहिता. मलाही नाही. का, ते आता विचारता येणार नाही. मला वाटतं, त्या दिवशी पेला कोणी ठेवला होता हे सांगावं लागलं असतं, म्हणून.

पत्राच्या शेवटी तुम्ही एक ओळ लिहून खोडली आहे. मी ती उजेडात धरून वाचली, माफ करा. शेवटी तिने माझं नाव घेतलं का, असं विचारलंत.

शेवटचे आठ दिवस तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तोंडाने ती कुणाचंच नाव घेऊ शकत नव्हती, माझंही नाही. पण हात होते. रोज दिवेलागणीला प्रार्थना व्हायची, मी पलंगाशी बसून तिचे हात बघायचो. आधी शाळा, मग आजारी मुलं, मग मी. आणि सगळ्यांच्या आधी एक नाव. दवाखान्यातच नाही, घरीही. चौदा वर्षांत एक दिवस चुकला नाही. तुम्ही शाळा सोडलीत त्या संध्याकाळपासून.

मुलांनी तुमचं खुणेचं नाव ठेवलं होतं, ते मी लिहीत नाही. पोरं ती पोरंच. धाकटीने ते कधी वापरलं नाही. तिने तुमच्यासाठी आपलं वेगळं केलं होतं. लहानपणी तुम्ही तिची वेणी घालायचात ना, म्हणे आईपेक्षा घट्ट? ते.

दोन्ही हात उजव्या कानामागे न्यायचे. बोटं एकात एक, एकात एक, अशी घेत खांद्यावरून खाली यायचं. शेवटी गाठ मारल्यासारखी चिमूट, आणि तळहात पुढे उघडायचे, म्हणजे नाव देवाला दिलं.

सावकाश करा, ती फार सावकाश करायची. आरशासमोर एकदा करून बघा, ताई. ते तुमचं नाव आहे.

तुमच्या धाकटीचा नवरा